निकेलची ॲलर्जी: दोषी दागिना नेमका कसा शोधायचा

कानाची पाळी खाजायला लागली की बहुतेक घरांत एकच क्रम चालतो. डूल काढायचे, घरात असेल ते मलम लावायचं आणि चार दिवसांनी बरं वाटलं की तेच डूल परत घालायचे. पुन्हा खाज आली की "हिला सोनं सोसत नाही", "अंगात उष्णता आहे", "घामानं झालं" यांपैकी काहीतरी ठरवून टाकायचं. मग सोनाराकडे पॉलिश, नवं मलम, रक्ताच्या महागड्या तपासण्या. मुळाशी निकेल असेल तर यातल्या एकाही गोष्टीनं प्रश्न सुटत नाही, कारण क्रमच चुकलेला असतो.

निकेलची ॲलर्जी उशिरा उमटते. धातू त्वचेला लागल्यावर पुरळ साधारण १ ते ३ दिवसांनी येतं. शनिवारी लग्नात घातलेल्या हाराचं पुरळ सोमवारी उठतं आणि तोवर गळ्यात रोजचं मंगळसूत्र आलेलं असतं, म्हणून बोल त्याला लागतो. हे लक्षात ठेवलं की पुढचा सगळा क्रम आपोआप समजतो: आधी सगळं उतरवायचं, मग त्वचा पूर्ण बरी होऊ द्यायची, मग वस्तू तपासायच्या आणि शेवटी एकेक परत घ्यायची.

मी स्वतः दोन वर्षं उलट्या क्रमानं गेले. छातीवर, मंगळसूत्राच्या वाट्यांच्या जरा वर, रुपयाएवढा चट्टा होता. वाट्या दोनदा पॉलिश केल्या, पोत नव्यानं गाठवून घेतली, काही महिने काळ्या मण्यांवर संशय धरला. दोषी कोण निघालं ते पुढे टप्पा ५ मध्ये सांगते, कारण ते तिथंच कळलं.

टप्पा १: काढण्याआधी जागा आणि तारीख लिहून ठेवा

पुरळ कुठं आहे यावरून निम्मा शोध लागतो. म्हणून काहीही काढण्याआधी आरशासमोर उभं राहा, मोबाईलवर फोटो काढा आणि कागदावर नोंद करा. निकेलचं पुरळ धातू टेकतो तिथं सुरू होतं आणि बऱ्याचदा त्या वस्तूचा आकारच त्वचेवर उमटतो.

कानाच्या पाळीला पुढून मागून खाज असेल तर डुलाची दांडी किंवा मागची फिरकी. मानेच्या मागं एकाच ठिपक्यात असेल तर साखळीचा हुक. मनगटावर चौकोनी चट्टा असेल तर घड्याळाचं बक्कल. बेंबीच्या खाली असेल तर जीन्सचं बटण किंवा पट्ट्याचं बक्कल. पाठीवर मधोमध असेल तर अंतर्वस्त्राचा हुक. पायाच्या बोटाभोवती कडं उमटलं असेल तर जोडवी. नाकाच्या बाजूला किंवा कानामागं असेल तर चष्म्याची काडी.

सोबत गेल्या चार दिवसांत अंगावर काय काय होतं तेही लिहा, आजचं तेवढं लिहून भागणार नाही. इथं हमखास चूक होते. लोक आज घातलेली वस्तू लिहितात आणि परवाचा लग्नातला सेट विसरतात.

तपासा: पुरळाची जागा धातूच्या कुठल्याच वस्तूशी जुळत नसेल तर थांबा. कपाळावर टिकलीच्या जागी खाज किंवा पांढरा डाग असेल तर संशय टिकलीच्या गोंदावर जातो, निकेलवर नाही. घड्याळाच्या चामडी पट्ट्याच्या पूर्ण लांबीवर पुरळ असेल तर चामडं कमवताना वापरलेलं क्रोमियम असू शकतं. गवंडीकाम करणाऱ्यांच्या हातावरचं पुरळही बहुधा सिमेंटमधल्या क्रोमियमचं असतं. अंगभर गोल, कडेनं लाल चकंदळं असतील तर तो नायटा असण्याची शक्यता जास्त.

टप्पा २: सगळं उतरवा

लोक दागिने काढतात आणि सगळं काढलं असं समजतात. धातू अंगाला कुठंकुठं लागतो ते आपल्याला दिसेनासं झालेलं असतं. म्हणून मी एक पूर्ण दिवस मोजून पाहायला सांगते: सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत अंगाला लागलेला प्रत्येक धातू.

साडीच्या पदराची पिन. निऱ्यांची पिन. बांगडीत किंवा मंगळसूत्रात अडकवून ठेवलेल्या जास्तीच्या सेफ्टी पिना. केसांच्या चापा. ब्लाउजचे हुक. चष्मा. घड्याळ. जीन्सचं बटण आणि चेन. पर्सची साखळी, जी दंडावर लोंबते. किल्ल्यांचा जुडगा, जो खिशातून मांडीला टेकतो. शिवणकाम करणाऱ्या बायका टाचण्या ओठांत धरतात, तीही नोंद हवी. मुलांच्या बाबतीत शाळेच्या पट्ट्याचं बक्कल.

यातलं त्वचेला थेट टेकणारं सगळं काढा. चष्मा काढता येत नसेल तर काड्यांना प्लास्टिकचं आवरण चढवा. मंगळसूत्र काढायचं मन होत नसेल, आणि ते अनेकींचं होत नाही, तर या काही आठवड्यांपुरती दोऱ्यात काळे मणी ओवून मागं धातूचा हुक न लावता गाठ मारा. पटवेकरी काम करणारे हे करून देतात. जोडव्यांचंही तसंच. घरातल्या मोठ्यांना आधीच सांगून ठेवा की हे औषधाच्या पथ्यासारखं आहे, म्हणजे मध्येच कुणाच्या शब्दाखातर पुन्हा घालायची वेळ येणार नाही.

सावधान: "फक्त एका दिवसाच्या समारंभापुरतं" घातलं की बरं होण्याच्या दिवसांची मोजणी पुन्हा शून्यावर येते. ज्याला निकेलची ॲलर्जी आहे त्याला काही तासांचा स्पर्शही पुरतो, आणि घाम असेल तर त्याहून कमी.

घामाचं काम इथं नीट समजून घ्यायला हवं. निकेल धातू म्हणून त्वचेत शिरत नाही. घामातलं मीठ आणि आम्लता त्या पृष्ठभागावरून निकेल विरघळवते आणि ते विरघळलेले कण त्वचेत जातात. म्हणून जो सेट डिसेंबरातल्या लग्नात सोसला तोच मे महिन्यात मुंबईत किंवा कोकणात घातला की भोवतो. दागिना तोच, ॲलर्जीही तीच, फक्त घाम वाढलेला. "मागच्या वेळी काही झालं नव्हतं" हा पुरावा म्हणूनच धरू नका.

टप्पा ३: त्वचा पूर्ण बरी होऊ द्या

या टप्प्यावर सगळ्यात जास्त घाई होते. खाज थांबली म्हणजे त्वचा बरी झाली असं नाही. सगळं उतरवल्यावर साधारण २ ते ४ आठवडे लागतात. जुना, जाड झालेला चट्टा असेल तर त्याहून जास्त. त्वचा मऊ झाली, खपली नाही, लाली नाही, बोट फिरवलं तर आजूबाजूच्या त्वचेसारखीच लागते, तेव्हा बरी झाली म्हणायचं. मागं राहिलेला काळसर डाग महिनोन्‌महिने टिकतो. त्याच्यासाठी थांबू नका.

तोवर काय करायचं? पाणी सुटत असेल तर स्वच्छ गार पाण्यात भिजवलेला सुती कपडा दहा-पंधरा मिनिटं ठेवा. कोरडं पडलं की साधी, वास नसलेली पेट्रोलियम जेली लावा. साबण त्या जागेवर घासू नका. नखं कापून ठेवा. एवढं पुरे.

हळद-चंदनाचा लेप, लिंबू, लसूण, कडुलिंबाचा रस, जंतुनाशक द्रावण यांतलं काहीही चिघळलेल्या त्वचेवर नको. फाटलेल्या त्वचेवर नवीन पदार्थ लावला की त्याचीही वेगळी ॲलर्जी जडू शकते.

मेडिकलमध्ये "खाजेची ट्यूब द्या" म्हटलं की बऱ्याचदा हातात येतं ते स्टेरॉईड, बुरशीचं औषध आणि प्रतिजैविक एकत्र असलेलं मलम. त्यानं दोन दिवसांत जादू झाल्यासारखं वाटतं, आणि म्हणूनच ते महिनोन्‌महिने चालू राहतं. त्वचा पातळ होते, रक्तवाहिन्या दिसायला लागतात आणि नायटा असला तर तो दबून आतून पसरतो. निकेलच्या पुरळावर स्टेरॉईड मलम लागतं, ते चुकीचं औषध नाही. पण किती तीव्र, कुठल्या जागेवर आणि किती दिवस हे त्वचारोगतज्ज्ञानं ठरवायचं असतं. मानेवर, पापणीवर आणि तळहातावर एकच मलम चालत नाही.

सावधान: पू, ताप, पापण्यांना किंवा चेहऱ्याला सूज, किंवा तळहातांवर साबुदाण्याएवढे पाणीदार फोड, यांतलं काही दिसलं तर हा लेख बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा.

टप्पा ४: त्वचा बरी होईतो वस्तूंची विभागणी करा

सगळे दागिने एका ताटात काढा आणि तीन वाट्या करा: बहुधा ठीक, संशयित, नक्की दोषी. विभागणी करताना चार समजुती आडव्या येतात, त्या आधी दूर करू.

लोहचुंबक लावून निकेल कळत नाही. शुद्ध निकेल चुंबकाला चिकटतं हे खरं, पण दागिन्यांत ते शुद्ध नसतं. जर्मन सिल्व्हरमध्ये भरपूर निकेल असतं आणि ते चुंबकाला चिकटत नाही. उलट आपली १ आणि २ रुपयांची अलीकडची नाणी चुंबकाला चटकन चिकटतात, पण ती निकेल नसलेल्या पोलादाची आहेत. म्हणजे चिकटलं तरी उत्तर नाही, नाही चिकटलं तरी नाही.

जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी नसते. ते तांबं, निकेल आणि जस्त यांचं मिश्रण आहे. काळपट "ऑक्सिडाइज्ड" दागिने, स्वस्तातली जोडवी, पैंजण, कंबरपट्टे यांत ते खूप वापरलं जातं. वाटी तिसरी.

हॉलमार्क सोन्याची शुद्धता सांगतो, उरलेल्याबद्दल बोलत नाही. ९१६ म्हणजे ९१.६ टक्के सोनं. बाकीच्या भागात पिवळ्या २२ कॅरेटमध्ये सहसा तांबं आणि चांदी असते, म्हणून ते बहुधा सोसतं. पांढऱ्या सोन्याचं तसं नाही. त्याला पांढरेपणा येतो तो निकेलनं किंवा पॅलेडियमनं, आणि वर ऱ्होडियमचा मुलामा असतो. मुलामा झिजला की आत जे असेल ते त्वचेला लागतं. सोनाराला सरळ विचारा: "यात पांढरेपणासाठी काय घातलंय?" उत्तर मिळालं नाही तर वाटी दुसरी.

एक ग्रॅम सोन्याचे आणि गिलिटचे दागिने बाहेरून सोन्याचेच असतात, म्हणून लोक निर्धास्त राहतात. ते घडतात कसे ते बघा. पाया पितळेचा किंवा तांब्याचा. त्यावर थेट सोनं चढवलं तर खालचं तांबं हळूहळू वर येऊन चमक घालवतं. म्हणून मध्ये बऱ्याचदा निकेलचा थर देतात, आणि त्यावर सोन्याचा अतिशय पातळ थर. तो झिजतो सगळ्यात आधी तिथंच, जिथं तो त्वचेवर घासतो: हुकाची आतली बाजू, बांगडीची आतली कड, डुलाची दांडी. म्हणून हा दागिना पहिले सहा महिने सोसतो आणि नंतर भोवतो. वाटी दुसरी, आणि जुना असेल तर तिसरी.

चांदी, ९२५ (म्हणजे ९२.५ टक्के) असेल तरी, मुलामा दिलेली आहे का ते विचारा. टायटॅनियम, नायोबियम, काच, लाकूड, प्लास्टिक पहिल्या वाटीत. सर्जिकल स्टील म्हणून विकल्या जाणाऱ्या ३१६ एल पोलादात निकेल १० टक्क्यांहून जास्त असतं, पण ते पोलादात घट्ट बांधलेलं असतं आणि फार कमी सुटतं. बऱ्या झालेल्या कानात ते बहुतेकांना चालतं. ताज्या छिद्रात नको.

खरा मुद्दा इथंच आहे. वस्तूत निकेल किती आहे यापेक्षा तिच्यातून ते सुटतं किती, हे महत्त्वाचं. युरोपातला कायदाही त्यावरच बेतलेला आहे: त्वचेला सतत टेकणाऱ्या वस्तूतून आठवड्याला प्रत्येक चौरस सेंटिमीटरमागं ०.५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त निकेल सुटता कामा नये, आणि टोचलेल्या छिद्रातून जाणाऱ्या दांडीसाठी ही मर्यादा ०.२ आहे. "निकेल फ्री" लिहिलेली पुठ्ठ्याची चिठ्ठी यातलं काहीच मोजत नाही. चिठ्ठी असो वा नसो, पुढची चाचणी करा.

टप्पा ५: डीएमजी चाचणी

डायमिथाइलग्लायॉक्झिम, म्हणजे डीएमजी, आणि सौम्य अमोनिया यांचा निकेलशी संबंध आला की गुलाबी रंग उठतो. याचे छोटे संच ऑनलाइन मिळतात. एक बाटली किंवा दोन बाटल्या, सोबत कापसाच्या काड्या. रसायनं सुटी आणून घरी मिसळण्याच्या फंदात पडू नका.

तयारी: खिडकी उघडी, पंखा चालू, हातमोजे, मुलं दूर. वस्तू अंगावरून काढलेली हवी. अंगावर असताना चाचणी करायची नाही. मोती, पोवळं आणि नाजूक रंगकाम यांना अमोनिया लावू नका, फक्त धातूचा भाग घ्या.

१. वस्तू साबणाच्या पाण्यानं धुऊन पुसून कोरडी करा. तेलाचा, परफ्यूमचा किंवा जुन्या नेलपॉलिशचा थर असला तर निकेल असूनही रंग येत नाही.

२. आधी चाचणीचीच चाचणी घ्या. २० रुपयांचं नाणं घ्या. त्याच्या बाहेरच्या पांढरट कड्यात ६५ टक्के तांबं, १५ टक्के जस्त आणि २० टक्के निकेल आहे. काडीवर द्रावणाचे थेंब टाकून त्या कड्यावर घासा. रंग आला नाही तर द्रावण जुनं झालंय, पुढं जाऊ नका. मग दुसरी काडी स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियम फॉइलवर घासा. ती पांढरीच राहायला हवी.

३. आता वस्तू. नवीन काडी, दोन्ही बाटल्या असतील तर दोन्हींचा एकेक थेंब. एकाच जागेवर जरा जोर देऊन ३० सेकंद ते १ मिनिट घासा. पुढची चमकदार बाजू नको. हुकाची आतली कड, दांडीचं टोक, फिरकीचं भोक, जिथं मुलामा उडालाय ती जागा.

४. काडी दिवसाच्या उजेडात पांढऱ्या कागदावर धरा. पेरूच्या आतल्या फिकट गुलाबीपासून डाळिंबाच्या दाण्यापर्यंत कुठलीही छटा आली तर निकेल सुटतंय. निळसर छटा तांब्याची. तपकिरी-तांबूस गंजाची किंवा मळाची. शंका आली तर जागा पुन्हा पुसून नव्या काडीनं करा.

५. प्रत्येक भागाला वेगळी काडी. हुक, साखळी, पदक हे तीन वेगळे नमुने आहेत. एका काडीनं सगळा हार पुसला तर काही कळत नाही.

६. झाल्यावर वस्तू पाण्यानं धुऊन पुसा, हात धुवा, काड्या कचऱ्यात टाका.

माझ्या ताटात त्या दिवशी मंगळसूत्राच्या वाट्यांवर फिरवलेली काडी पांढरी राहिली. मण्यांवरची पांढरी. मागच्या हुकावरचीही पांढरी. मी संच मिटवायला घेतला होता, तेव्हा ताटाच्या कडेला त्या दोन सेफ्टी पिना दिसल्या, ज्या मी वर्षानुवर्षं मंगळसूत्रात वाट्यांच्या वरच्या मण्यांपाशी अडकवून ठेवत असे, वेळेला असाव्यात म्हणून. पहिल्याच पिनेवर काडी फिरवली आणि कापसाचं टोक दहा सेकंदांत डाळिंबी झालं. पोलादावर निकेलचा मुलामा, आणि तो घामात बुडून छातीवर टेकलेला. बाकीची पिनांची डबी तपासली, त्या सगळ्याही तशाच निघाल्या. दोन वर्षं मी सोन्याला बोल लावत होते.

तपासा: रंग आला तर त्यावर विश्वास ठेवा. रंग आला नाही तर मात्र पूर्ण हमी नाही. अगदी थोडं सुटणारं निकेल ही चाचणी सोडून देते, आणि मुलामा शाबूत असेल तर खालच्या थरापर्यंत पोचतच नाही. म्हणून पांढऱ्या काडीची वस्तू "ठीक" नाही, "परत घालून बघण्यायोग्य" आहे. तिच्यासाठी टप्पा ७.

टप्पा ६: पॅच टेस्ट, आणि तिच्या नावाखाली होणाऱ्या दुसऱ्या तपासण्या

डीएमजी वस्तूबद्दल सांगते. तुमच्या शरीराबद्दल सांगते ती पॅच टेस्ट. रक्तातून होणारी ॲलर्जीची मोठी यादी आणि हातावर सुया टोचून केलेली चाचणी या दोन्ही तपासण्या वेगळ्या प्रकारच्या ॲलर्जीसाठी आहेत. धूळ, परागकण, शेंगदाणे, कोळंबी यांसाठी त्या ठीक. निकेलची त्वचेची ॲलर्जी त्यांत दिसत नाही. हजारो रुपये खर्चून "सगळं नॉर्मल" असा कागद घेऊन आलेल्या कितीतरी जणी मला भेटल्या आहेत.

पॅच टेस्ट त्वचारोगतज्ज्ञ करतात. पाठीवर छोट्या चकत्या चिकटवतात, त्यांतल्या एकीत ५ टक्के निकेल सल्फेट पेट्रोलियम जेलीत मिसळलेलं असतं. चकत्या २ दिवस ठेवायच्या. काढल्यावर पहिलं वाचन आणि चौथ्या दिवशी दुसरं. दुसऱ्या वाचनाला न जाणं ही सर्रास होणारी चूक आहे. दोन दिवसांनी काही दिसलं नाही म्हणून लोक घरी बसतात, आणि निकेलची प्रतिक्रिया नेमकी त्यानंतर उमटते. काही वेळा सातव्या दिवशीही.

तयारीसाठी: त्या दिवसांत पाठ भिजवायची नाही, घाम येईल असं काम नाही, पाठीवर झोपून घासणं नाही. म्हणून शक्य असेल तर एप्रिल-मे टाळा. हिवाळ्यात चकत्या नीट चिकटून राहतात. पाठीवर पुरळ असताना चाचणी करत नाहीत. तोंडावाटे स्टेरॉईडच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा, त्यांनी निकाल दबतो. गोळ्या स्वतःहून बंद मात्र करू नका.

ही चाचणी करून घेतली तर पुढे आयुष्यभर उपयोग होतो. एकदा शरीरानं निकेल ओळखलं की ती ओळख सहसा जात नाही, आणि निकाल लेखी असेल तर प्रत्येक नव्या डॉक्टरला दाखवता येतो.

टप्पा ७: एकेक वस्तू परत घ्या

डाळिंबी काडीची वस्तू परत घालून बघायची नाही. तिचा निकाल लागला. इथं फक्त पांढऱ्या काडीच्या वस्तू.

एका वेळी एकच. पहिल्या दिवशी २ तास, दुसऱ्या दिवशी अर्धा दिवस, तिसऱ्या दिवशी पूर्ण दिवस, आणि मग ती काढून ४ दिवस काहीही नवीन घालायचं नाही. या ४ दिवसांतच उत्तर असतं. त्वचा शांत राहिली तर वस्तू पहिल्या वाटीत आणि मग पुढची. खाज आली तर वस्तू बाहेर, त्वचा पुन्हा पूर्ण बरी होईपर्यंत थांबायचं, आणि मगच पुढची.

हे कंटाळवाणं आहे हे मला माहीत आहे. दहा वस्तू असतील तर अडीच महिने जातात. म्हणून सुरुवात रोजच्या वस्तूंनी करा: मंगळसूत्र, कानातलं, घड्याळ. लग्नातले सेट शेवटी. आणि मुद्दाम थंड, कोरडं राहून परीक्षा घेऊ नका. नेहमीचा दिवस जसा जातो तसा जाऊ द्या, कारण घामाशिवाय घेतलेली परीक्षा फसवी असते.

सावधान: टोचलेल्या कानातून पाणी येत असेल किंवा छिद्र दुखत असेल तर तिथं काहीच परत घालून बघू नका.

टप्पा ८: दोषी वस्तूचं करायचं काय

बहुतेक वेळा पूर्ण दागिना टाकावा लागत नाही, एक भाग बदलावा लागतो. डुलाची दांडी आणि फिरकी सोनाराकडून २२ कॅरेट सोन्याची करून घ्या. साखळीचा हुक बदला. जोडवी साध्या चांदीची, मुलामा नसलेली घ्या. चष्म्याला टायटॅनियमची किंवा प्लास्टिकची फ्रेम. जीन्सचं बटण शिंप्याकडून काढून प्लास्टिकचं लावून घ्या. आतून कापडाची पट्टी लावायची असेल तर जाड आणि दुहेरी, पातळ कापडातून घाम पार जातो. साडीसाठी प्लास्टिकच्या टोपीच्या पिना असल्या तरी सुई धातूचीच असते. ती कापडातून जावी आणि त्वचेला टेकू नये अशा बेतानं लावा, आणि जास्तीच्या पिना पर्समध्ये.

पारदर्शक नेलपॉलिशचा उपाय सगळीकडे सांगितला जातो. बटणावर किंवा बक्कलावर दोन-तीन थर देऊन, प्रत्येक थर पूर्ण वाळवून, तो काही दिवस चालतो. आठवड्यानं पुन्हा लावावा लागतो, धुण्यात सोलून निघतो. कानाच्या दांडीवर तो अजिबात नको. दांडी छिद्रातून सरकताना थर खरवडला जातो, निकेल उघडं पडतं आणि नेलपॉलिशचे कण जखमेत जातात.

स्वयंपाकघराबद्दल थोडक्यात

निकेल कळल्यावर दुसऱ्या दिवशी घरातली सगळी स्टीलची भांडी काढून टाकायची गरज नाही. चांगल्या स्टीलमध्ये साधारण ८ टक्के निकेल असलं तरी ताटाला हात लागल्यानं काही होत नाही. नवीन भांड्यात पहिल्या काही वेळा चिंचेचं सार, टोमॅटोचं सार, कढी यांसारखं आंबट खूप वेळ उकळू नका, एवढं पुरे. कल्हईची भीती बाळगू नका, कल्हई कथलाची असते, निकेलची नव्हे.

खाण्याचंही तसंच. डाळी, काजू, शेंगदाणे, सोयाबीन, ओट्स, कोको यांत नैसर्गिक निकेल जास्त असतं, आणि हे वाचून लोक वरण सोडतात. बहुतेकांना त्याची गरज नसते. धातू पूर्ण बंद करूनही तळहातांवर फोड किंवा अंगभर पुरळ येतच राहिलं, तरच डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरावीक दिवसांसाठी आहार बदलून बघतात. शाकाहारी घरात डाळ आणि दाणे दोन्ही काढले की प्रथिनं आणि लोह कुठून येणार? आणि शरीरात लोह कमी असलं की खाण्यातलं निकेल उलट जास्त शोषलं जातं.

मुलीचे कान टोचताना

बहुतेकींची ॲलर्जी कान टोचण्यापासून सुरू होते, कारण ताज्या छिद्रात धातू त्वचेच्या आत असतो. सोनार सोन्याच्या तारेनं कान टोचतो ती पद्धत या बाबतीत चांगली आहे, फक्त तार खरंच २२ कॅरेटची आणि निर्जंतुक केलेली हवी. यंत्रानं टोचायचं असेल तर टायटॅनियमची दांडी मागा आणि पाकीट समोर फोडायला लावा. छिद्र पूर्ण बरं होईपर्यंत, म्हणजे किमान दीड-दोन महिने, हौसेचे स्वस्त डूल घालू नका. आजीनं आणलेले असले तरी आधी काडी फिरवा.

डॉक्टरांना सांगायच्या वेळा

दातांना तारा लावण्याआधी, गुडघा किंवा खुबा बदलण्याआधी, हृदयात स्टेंट घालण्याआधी पॅच टेस्टचा निकाल दाखवा. अशा वस्तूंत निकेल असू शकतं. ॲलर्जी आहे म्हणून उपचार टळतात असं नाही, आणि तातडीच्या वेळी तर या कारणावरून मुळीच थांबायचं नाही. पण वेळ असेल तेव्हा दुसरं साहित्य निवडायचं का, हे डॉक्टर ठरवू शकतात.

डीएमजीची बाटली अंधाऱ्या, थंड कपाटात, मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. वर्षातून दोनदा, एकदा लग्नसराईच्या आधी आणि एकदा उन्हाळा सुरू होताना, रोजच्या दागिन्यांचे हुक आणि दांड्या पुन्हा तपासा. मुलामा झिजत राहतो, आणि मार्चमध्ये पांढरी राहिलेली काडी नोव्हेंबरात गुलाबी होऊ शकते.